वजन उतरवायचं तर आधी तेलाचा डबा मोजा

वजन कमी करायचं ठरलं की आपल्या घरात आधी काहीतरी विकत येतं. ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली, ओट्सचं पाकीट, ग्रीन टी, नाहीतर जिममधल्या कुणीतरी सुचवलेला पावडरचा डबा. दीड-दोन महिन्यांत ते सगळं फडताळात मागे सरकतं आणि वजन होतं तिथेच राहतं. मी इथे उलट्या क्रमाने जाणार आहे. पहिला महिना नवीन काहीही आणायचं नाही. घरात रोज जे शिजतं ते मोजायचं आणि त्याचं प्रमाण बदलायचं. गोळ्या-पावडरींचा विचार सगळ्यात शेवटी करायचा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किडनीचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर खाली लिहिलेलं काहीही सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. गोळ्या तेवढ्याच ठेवून भात-पोळी अचानक निम्मी केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

पहिली पायरी: कंबर मोजा

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळांवर याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यातही हेच दिसलं: आपली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्या वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते.

म्हणून ‘मी तर बारीकच आहे’ या समाधानावर राहू नका. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे, आणि मधुमेहाच्या दृष्टीने धोका त्या पोटातच आहे.

शिवणकामाची टेप घ्या. सकाळी, काही खाण्याआधी, सरळ उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. पट्टा बांधतो तिथे धरू नका, ती जागा बहुतेकांची पोटाच्या खाली घसरलेली असते. श्वास सहज सोडा आणि आकडा लिहून ठेवा. स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हवी. बीएमआयची रेषाही आपल्यासाठी खाली आहे: २३ पासून वजन जास्त, २५ पासून स्थूलता. उंची १६० सेंटिमीटर असेल, तर ५९ किलोच्या पुढे पहिली रेषा ओलांडली आणि ६४ ला दुसरी.

उद्दिष्ट लहान ठेवा. सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे ७० किलोच्या माणसाने साडेतीन ते पाच किलो. ‘एवढंच?’ असं बहुतेकजण विचारतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्यातून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्यात आणि चालण्यात बदल केलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही त्या गटाचं वजन फारसं उतरलेलं नसताना! काटा हलत नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

दुसरी पायरी: तेल

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण आपल्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त कॅलरी इथेच डोळ्यांआड शिरतात.

नवीन डबा किंवा पिशवी फोडलीत की त्यावर पेनाने तारीख लिहा आणि संपल्याची तारीखही लिहा. तूप आणि लोणी यांचंही तसंच करा. समजा, चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागतं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. हिशेब केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातं, आणि एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर सुमारे ३४० कॅलरी होतात. यात बाहेरचा वडापाव नाही आणि तूपही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक आहारात २००० कॅलरींच्या दिवसाला सगळं मिळून २७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरले आहेत. वजन उतरवायचं असेल तर घरचं तेल-तूप १५ ते २० ग्रॅमांवर, म्हणजे चहाच्या साडेतीन ते साडेचार चमच्यांवर आणा.

पाच लिटरचे तीन लिटर झाले तर माणशी रोज सुमारे १३५ कॅलरी वाचतात. एका घडीच्या पोळीपेक्षा थोड्या जास्तच. ताटातला एकही पदार्थ न सोडता हे होतं, म्हणून मी याला पहिला मान देते.

ते कसं साधायचं? तेलाच्या किटलीने थेट कढईत तेल ओतणं आजपासून बंद. सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत मोजून काढा आणि सगळा स्वयंपाक त्यातच करा. चौघांसाठी तेल-तूप मिळून १४ ते १८ चहाचे चमचे. पहिले चार दिवस ही वाटी दुपारीच रिकामी होईल, कारण कणकेतलं मोहन, पोळीला लावायचं तेल, भाजीची फोडणी आणि आमटीची फोडणी या चार वेगळ्या जागा आहेत हे आपण कधी मोजलेलंच नसतं. मग मार्ग आपोआप सुचतात. घडीच्या पोळीऐवजी आठवड्यातले चार दिवस फुलके किंवा भाकरी. भाजी तेलावर परतत बसण्यापेक्षा झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. आमटीला फोडणी एकदाच, वरून दुसरी नाही. वांग्याचं भरीत करताना वांगं भाजलेलंच असतं, त्याला एक चमचा फोडणी पुरते. तळण पंधरवड्यातून एकदा, आणि उरलेलं तळणीचं तेल पुन्हा तळायला वापरायचं नाही.

कोणतं तेल चांगलं, हा प्रश्न लोक याहून जास्त वेळा विचारतात. शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ यांपैकी आलटून पालटून वापरा, एवढंच पुरे आहे. लाकडी घाण्याचं तेल चवीला उत्तम लागतं, पण त्याच्याही एका ग्रॅमला ९ च कॅलरी असतात.

दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं हेही याच हिशेबात धरा. दोन्ही चांगले पदार्थ आहेत, पण कूट मुठीने न घालता चमच्याने घाला.

तिसरी पायरी: डाळीची वाटी घट्ट करा

साठ किलोच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. किलोमागे ०.८३ ग्रॅम, असा आपल्याकडचा शासकीय आकडा आहे. वजन उतरवताना स्नायू झडू नयेत म्हणून, आणि साठीनंतर, किलोमागे १ ग्रॅमच्या थोडं वर गेलं तर बरं. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.

आता एका शाकाहारी घरातला नेहमीचा दिवस मोजू. चार पोळ्यांत साधारण १२ ग्रॅम, भातात ५, दोन वेळच्या पातळ वरणात ८, चहा-दुधात ५, भाज्यांत २-३. बेरीज ३३ च्या आसपास. म्हणजे पोट भरलं, पण प्रथिनं तीन भागांतले दोनच भाग मिळाले. संध्याकाळी पाच वाजता जी खा-खा सुटते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, असा माझा अनुभव आहे. त्या वेळी हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो.

पावडर न आणता ही तूट भरते. एका वेळच्या पातळ वरणाच्या जोडीला मटकी, मूग, चवळी किंवा हरभऱ्याची उसळ ठेवा; माणशी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य म्हणजे ६-७ ग्रॅम प्रथिनं. उसळ डावभर न घेता मोठी वाटी भरून घ्या. जेवणात १५० ग्रॅम दही, त्यातून साडेचार ग्रॅम. संध्याकाळच्या चहाबरोबर ३० ग्रॅम फुटाणे, त्यातून ६ ग्रॅम. झाले ५०! अंडी खात असाल तर एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, आणि मासे किंवा चिकन खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं आहे, फक्त ते तळलेले नकोत. कोकणातल्या माणसाला रवा लावून तळलेली तुकडी सोडवत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. ती रविवारी ठेवा, एरवी कालवण किंवा तिखलं.

चौथी पायरी: भाकरी की पोळी, हा प्रश्न बाजूला ठेवा

गहू सोडा, तांदूळ सोडा, ज्वारीच खा, असे सल्ले सगळीकडे मिळतात. ज्वारी खरोखर गुणी आहे: १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम तंतू, तर पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाहीत. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आपल्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. आणि तांदळाच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ ठेवून धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतल्या ५ टक्के कॅलरींच्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दही यांतली प्रथिनं घेतली, तिथे मात्र मधुमेहाचा धोका कमी दिसला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे; तरी दिशा स्पष्ट आहे. तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाण्यापेक्षा दोनच भाकऱ्या आणि उसळीची दुसरी वाटी घ्या.

ताटातली जागा अशी वाटा: अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात, उरलेला पाव भाग डाळ, उसळ, अंडं, मासे. आपल्या जुन्या वाढपात कोशिंबीर डावीकडे चमचाभर असते. तिला उजवीकडे आणा आणि वाटीने वाढा. बटाट्याची भाजी या हिशेबात पोळीच्या बाजूला मोजायची.

साखरेचं थोडक्यात सांगते. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच चहाचे चमचे. चार कप चहात दीड-दीड चमचा घातली की सहा झाले. गूळ आणि मध यांच्या कॅलरी साखरेच्या जवळपासच आहेत, त्यामुळे गुळाचा चहा हा साखरेच्या चहाला पर्याय होत नाही. गोड लागणाऱ्या कृत्रिम गोळ्या वजन कमी करण्याचं साधन म्हणून वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं आहे. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात तर जीभ महिना-दीड महिन्यात जुळवून घेते.

पाचवी पायरी: किती वेळा खायचं?

महाराष्ट्रात या प्रश्नावर घरंच्या घरं विभागली गेली आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या सांगण्याप्रमाणे दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवणारे एका बाजूला, आणि दर दोन तासांनी थोडं खा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ जणांवर वर्षभर झालेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने ठरावीक कॅलरी सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्ल्या, दुसऱ्याने तेवढ्याच कॅलरी दिवसभरात हव्या तेव्हा. वजन दोन्ही गटांचं उतरलं आणि त्यांच्यातला फरक नगण्य होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१८ मध्ये ६०९ जणांवर कमी चरबी विरुद्ध कमी कर्बोदकं अशी तुलना झाली, तिथेही वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास बरोबरीत होते.

म्हणून माझा सल्ला: जी पद्धत तुम्हाला दोन वर्षं चालवता येईल ती निवडा. दोनदा जेवून मधली चहा-बिस्किटं सुटत असतील तर ती पद्धत तुमच्यासाठी उत्तम. दोनदा जेवताना भुकेने ताटावर तुटून पडत असाल, तर तीन जेवणं ठेवा.

उपवासाचं मात्र वेगळं बोलायला हवं. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्यामुळे तंतोतंत खरी ठरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एका माणसाच्या भरल्या ताटलीत ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप धरलं तर ५०० च्या घरात कॅलरी होतात, आणि प्रथिनं जी काही मिळतात ती कुटातून. उपवास मोडायची गरज नाही. राजगिऱ्याची भाकरी, उकडलेल्या शेंगा, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, ताक आणि दही एवढ्यात आषाढी-कार्तिकी व्यवस्थित पार पडते. वरई केलीत तर शेंगदाण्याची आमटी पातळ ठेवा.

सहावी पायरी: गोळ्या, पुड्या आणि डबे

आता फडताळाकडे येऊ. जे खरोखर लागू शकतं ते आधी.

बी-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे आणि मांस यांतच मिळतं. शाकाहारी घरांत त्याची कमतरता इतकी सर्रास आहे की पुण्याच्या माता-पोषण अभ्यासातही गरोदर बायांमध्ये ती मोठ्या प्रमाणावर सापडली. माझ्या मावशीच्या पायांना वर्षभर मुंग्या येत होत्या. शीर दबली असेल म्हणून शेक झाले, पट्टे झाले, मालिश झालं. ती शाकाहारी, चहापुरतं दूध घेणारी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी होऊ शकतं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. तपासणी केली तेव्हा पातळी फारच खाली होती. उपचारांनी मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, पण तळव्यांची बधिरता पूर्ण गेली नाही. अजून त्या गोष्टीची हळहळ वाटते. म्हणून शाकाहारी असाल, साठीच्या पुढे असाल किंवा मेटफॉर्मिन घेत असाल, तर ही तपासणी मागून घ्या आणि कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील तेवढा काळ गोळी नेमाने घ्या. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्यांनी हे काम होत नाही.

मूल होण्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं, याला भक्कम पुरावा आहे. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्याही चुकवायच्या नाहीत, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, कारण चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

ड जीवनसत्त्वाची कमतरता निघाली तर ती भरून काढावी. पण ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच असते. ती रोज घेतल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून रुग्णालयात जावं लागलेली माणसं आहेत. आणि कमतरता नसताना नुसतं ‘शक्तीसाठी’ घेण्यात फारसं हाती लागत नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ प्रयोगात रोज ड जीवनसत्त्व घेऊन कर्करोग किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

आता चरबी जाळण्याच्या नावाने विकलं जातं ते. गार्सिनिया हे नाव जाहिरातीत ऐकलं असेल. ते आपल्या कोकमाचंच भावंड. १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे त्याचा प्रयोग झाला, तेव्हा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा काही जास्त वजन उतरलं नाही. उलट यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तशाच त्या ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांबद्दलही आहेत. सोलकढी प्या, ती चविष्ट आहे. तिच्याकडून वजनाची अपेक्षा ठेवू नका. ॲपल सायडर व्हिनेगरने वजन झपाट्याने उतरतं असं सांगणारा लेबनॉनमधला जो प्रयोग २०२४ मध्ये गाजला, तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०२५ मध्ये मागे घेतला.

‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार?’ हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी त्यानंतर कावीळ झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. काढा घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा त्याच दिवशी बंद करून तपासणी करा.

प्रोटीन पावडरचं एकच सांगते. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २५ पावडरींच्या डब्यावर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळत नव्हतं. त्याच किमतीत महिनाभराची अंडी, पनीर आणि फुटाणे येतात.

सातवी पायरी: काट्याशी कसं वागायचं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा. कंबर महिन्यातून एकदा. आदल्या रात्री लग्नातलं खारट-गोड जेवण झालं असेल तर काटा किलो-दीड किलो पुढे दिसेल. ते पाणी आहे, दोन दिवसांत जातं. पहिल्या आठवड्यात भराभर उतरलेले दोन किलोही बरेचसे पाणीच असतात, त्यावर हुरळून जाऊ नका.

दोन-अडीच महिन्यांनी वजन थबकतं. हलक्या झालेल्या शरीराला कमी कॅलरी लागतात, हे त्यामागचं साधं कारण. अशा वेळी पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा आणि तेलाच्या डब्यावरच्या तारखा तपासा. बहुतेक घरांत वाटीने मोजणं तोवर सुटलेलं असतं. चालणं आठवड्याला १५० मिनिटं होत असेल तर आता दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, यातून सुरुवात होते.

बीएमआय बराच जास्त असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल आणि सहा महिने मनापासून करूनही फरक पडत नसेल, तर औषधांचा विचार करण्यात काहीच कमीपणा नाही. सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरल्याचं प्रयोगांत दिसलं, टिर्झेपटाइडने त्याहून जास्त. मात्र सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, हेही त्याच लोकांवर दिसलं. त्यामुळे लग्नाआधी तीन महिन्यांसाठी म्हणून ते घेऊ नका, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तर नाहीच.

आणि काहीही न करता वजन उतरू लागलं, सहा-आठ महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त, तर लोकांनी कितीही कौतुक केलं तरी आधी तपासणी करून घ्या. वाढलेली साखर, थायरॉइड, क्षयरोग असं काहीही त्यामागे असू शकतं.